पोटातली चौदा इंजेक्शने

कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, हा समज आजही घराघरांत टिकून आहे. वास्तविक ती इंजेक्शने ज्या लशीची होती, तिचे भारतातील उत्पादन २००४च्या अखेरीस थांबले. आज विशीत असलेल्या पिढीने ती लस पाहिलेली नाही, तरी चौदा हा आकडा तिलाही ठाऊक असतो. आजी-आजोबांच्या सांगण्यातून, जुन्या चित्रपटांतील विनोदांतून तो तिच्यापर्यंत पोहोचला आहे. एखादे औषध नाहीसे झाल्यावर त्याची भीती दोन दशके मागे उरावी, असे वैद्यकाच्या इतिहासात फार वेळा घडत नाही.

कुत्र्यांना होणारे विषाणुजन्य रोग काही थोडे नाहीत. डिस्टेंपरने पिल्ले दगावतात. १९७८च्या सुमारास जगासमोर प्रथम आलेल्या पार्व्होने अवघ्या एक-दोन वर्षांत सारे खंड व्यापले. या रोगांनी कुत्री मरतात, पण माणसे मरत नाहीत. रेबीजचे तसे नाही. कुत्र्याचा रोग म्हणून तो ओळखला जातो खरा, पण भारतात त्याचा इतिहास लिहिला गेला तो माणसाच्या दंडावर आणि पोटावर. कुत्रा त्या इतिहासात फार उशिरा आला, आणि त्याची किंमत मोजावी लागली.

हा रोग प्राचीनांना चांगला परिचित होता. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या जनावराच्या दंशाचे वर्णन आहे, आणि पाण्याच्या दर्शनाने वा आवाजाने रोगी भिऊ लागला की तो असाध्य समजावा, असेही त्यात म्हटले आहे. जलत्रास हा शब्द तिथलाच. त्या निदानात आजवर फारसा बदल करावा लागलेला नाही. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचल्याची उदाहरणे साऱ्या जगात बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

तरीही या रोगावर चावा झाल्यानंतर लस देऊन मात करता येते, याचे कारण विषाणूच्या प्रवासात आहे. लाळेतून जखमेत शिरलेला विषाणू रक्तातून धावत नाही. तो स्नायूंतून मज्जातंतूंच्या टोकांत शिरतो आणि तंतूच्या आतल्या वाहतूक व्यवस्थेचा आधार घेत मेंदूकडे सरकतो. या वाटचालीला बहुधा एक ते तीन महिने लागतात. चावा चेहऱ्यावर किंवा मानेवर असेल तर अंतर कमी आणि अवधीही कमी. या मधल्या काळात शरीराला प्रतिपिंडे तयार करायला लावणे, एवढाच लशीचा डाव असतो. म्हणजे ही विषाणू आणि लस यांच्यातील शर्यतच, आणि सुदैवाने विषाणू धीम्या पावलांचा आहे.

लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ही लस टोचली. संसर्ग झालेल्या सशांचे मज्जारज्जू कोरड्या हवेत टांगून वाळवायचे, जितके अधिक दिवस वाळवावे तितका विषाणू दुबळा होतो हे हेरायचे, आणि दुबळ्यापासून जहालाकडे रोज एकेक पायरी चढत इंजेक्शने द्यायची, अशी ती पद्धत. पॅरिसला रुग्णांची रीघ लागली. हिंदुस्थानात मात्र अशी संस्था उभी राहायला आणखी पंधरा वर्षे लागली. मधल्या काळात कुत्रा चावलेल्या गोऱ्या सैनिकांना आगबोटीने थेट पॅरिसला पाठवले जाई. चावा आणि रोग यांच्यामधील अवधी महिन्यांचा असल्यामुळेच असला प्रवास शक्य होता. खेड्यातल्या शेतकऱ्याला अर्थातच ती सोय नव्हती. संस्था उभारण्यात पैशाइतकाच अडथळा होता तो प्राण्यांवरील प्रयोगांना विरोध करणाऱ्यांचा. हा विरोध इंग्लंडमध्येही होता आणि इथेही.

अखेर १९०० साली शिमल्याजवळच्या कसौलीला हिंदुस्थानातील पहिली पाश्चर संस्था सुरू झाली. तिचे पहिले संचालक डेव्हिड सेंपल हे लष्करी डॉक्टर होते. १८९७ साली आल्मरोथ राइट यांच्याबरोबर त्यांनी विषमज्वराच्या मृत जंतूंच्या लशीवर काम केले होते, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली. १९०७ साली निलगिरीत कुन्नूर येथे दक्षिणेची संस्था उभी राहिली. एका तरुण इंग्रज स्त्रीच्या रेबीजने झालेल्या मृत्यूने दक्षिणेत अशा संस्थेची मागणी जोर धरू लागली होती, आणि अमेरिकन उद्योगपती हेन्री फिप्स यांच्या देणगीने ती पुरी झाली. (याच कुन्नूरच्या आवारात पुढे रॉबर्ट मॅककॅरिसन यांचे आहारशास्त्राचे संशोधन रुजले आणि त्यातूनच हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था वाढली. पण ती कथा निराळी.)

दोन्ही संस्था थंड हवेच्या डोंगरावर होत्या, आणि हाच त्यांचा मोठा दोष होता. पाश्चर यांच्या पद्धतीने लस रोज ताजी बनवावी लागे. ती पाठवता येत नसे, म्हणून माणसालाच तिच्याकडे जावे लागे. बंगालमधल्या, वऱ्हाडातल्या किंवा मद्रास इलाख्यातल्या चावा झालेल्या माणसाने आगगाडीने, पुढे टांग्याने किंवा पायी कसौली वा कुन्नूर गाठायचे, तिथे दोन-तीन आठवडे राहायचे आणि परतायचे. लहान मूल असेल तर सोबत आई किंवा बाप. मजुरी बुडायची ती वेगळीच.

सेंपल यांनी १९११ साली ही अडचण सोडवली. विषाणू वाळवून दुबळा करण्याऐवजी त्यांनी तो सरळ मारला. विषाणूने भरलेल्या मेंदूचा लगदा कार्बोलिक आम्लात, म्हणजे फिनॉलमध्ये, शरीराच्या तापमानाला ठेवायचा. विषाणू मरतो, पण शरीराला त्याची ओळख पटण्याइतका त्याचा आकार शाबूत राहतो. मृत जंतूंच्या लशीचा जुना अनुभव इथे कामी आला. ही लस बाटलीत भरता येई, टिकत असे, टपालाने पाठवता येई. आधी सशाचा आणि पुढे मेंढीचा मेंदू वापरला जाऊ लागला. मेंढीच्या एका मेंदूतून कितीतरी अधिक लस निघते. माणसाने लशीकडे जाण्याचे दिवस संपले आणि लस माणसाकडे येऊ लागली. रंगून, शिलाँग, कलकत्ता येथे केंद्रे झाली. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेने ही लस अनेक दशके बनवली. जिल्ह्याच्या इस्पितळापासून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत ती पोहोचली, आणि हिंदुस्थानाबाहेरही आशिया-आफ्रिकेतील असंख्य देशांनी ती स्वीकारली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या देशातील प्रयोगशाळेतून बाहेर पडून जगभर गेलेल्या वैद्यकीय शोधांची यादी केली, तर सेंपल यांची लस तिच्यात बरीच वर येईल. तिच्या दोषांची चर्चा करताना हे विसरणे अन्यायाचे होईल.

आता चौदा इंजेक्शनांचे गणित. लशीत मेंदूचे प्रमाण साधारण पाच टक्के असे. चाव्याच्या तीव्रतेनुसार डोस आणि दिवस बदलत, पण रोज पाच मिलिलिटर आणि चौदा दिवस असे धरले तर सत्तर मिलिलिटर द्रव आणि त्यात साडेतीन ग्रॅम मेंढीचा मेंदू एका माणसाच्या शरीरात जाई. एवढा द्रव रोज मावायला त्वचेखाली ऐसपैस जागा हवी, आणि ती पोटावर असते. जठराचा किंवा आतड्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तरीही ‘सुई पोटात जाते’ या कल्पनेने लोकांच्या मनात जे घर केले, ते कधीच सुटले नाही. इंजेक्शनाच्या जागी गाठी येत, त्या दुखत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच शेजारी सुई. अर्ध्यावर उपचार सोडून जाणारे रुग्ण ही दवाखान्यांची नेहमीची तक्रार होती. त्यांना दोष देणे कठीण आहे.

दुखणे मात्र या लशीचा लहान दोष होता. काही रुग्णांना लशीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ताप येई, पाय लुळे पडत, लघवी अडे आणि क्वचित मृत्यूही ओढवे. हा रेबीज नव्हता. परक्या मेंदूविरुद्ध चेतवलेली शरीराची संरक्षण व्यवस्था स्वतःच्याच मज्जातंतूंवर तुटून पडत होती. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत थॉमस रिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी १९३३ साली माकडांना सशांच्या निरोगी मेंदूची वारंवार इंजेक्शने दिली. त्यात रेबीजचा विषाणू मुळीच नव्हता, तरी माकडांना तसाच विकार जडला. दोष विषाणूचा नव्हे, मेंदूच्या ऊतीचा, हे त्यातून दिसले. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजाराच्या अभ्यासासाठी आजही वापरले जाणारे प्राणी-प्रारूप याच प्रयोगातून जन्मले. पुढे १९८७ साली थायलंडमधील संशोधकांनी लशीने आजारी पडलेल्या रुग्णांत मज्जातंतूंच्या आवरणातील मायलिन बेसिक प्रोटीन या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे दाखवून दिली आणि गुन्हेगाराचे नाव नक्की झाले.

हा धोका किती जणांना होता? अहवालागणिक आकडा बदलतो. कुठे काही शेकड्यांत एक, कुठे काही हजारांत एक. एका डॉक्टरापुढे बसलेल्या एका रुग्णासाठी या संख्येचा अर्थ मोठा अवघड होता. कुत्रा खरोखर पिसाळलेला असेल तर लशीचा धोका नगण्य, कारण पर्याय मृत्यूचाच आहे. कुत्रा धड असेल तर मात्र निरोगी माणसाला विनाकारण पक्षाघाताच्या वाटेवर लोटल्यासारखे. म्हणूनच चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवण्याला त्या काळी इतके महत्त्व होते. लाळेतून विषाणू सोडण्याइतका रोगी झालेला कुत्रा तेवढ्या अवधीत मरतो. पाळलेल्या, साखळीने बांधलेल्या कुत्र्याच्या बाबतीत हे जमे. रस्त्यावरचा कुत्रा चावून गल्लीत नाहीसा झाला की डॉक्टर आणि रुग्ण दोघेही अंधारात. भारतातले बहुसंख्य चावे याच दुसऱ्या प्रकारचे होते.

दरम्यान जग पुढे गेले होते. १९५५ साली चिलीमध्ये नवजात उंदरांच्या मेंदूतून लस बनवण्यात आली. जन्मतः उंदराच्या मेंदूत मायलिन जवळजवळ नसते, म्हणून धोका घटतो. लॅटिन अमेरिकेने ती लस उचलली. साठच्या दशकात फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत मानवी पेशींच्या संवर्धनावर विषाणू वाढवून मेंदूचा प्रश्नच निकालात काढला गेला. या लशीची खरी कसोटी इराणमध्ये लागली. पिसाळल्याची खात्री झालेल्या कुत्र्यांनी आणि लांडग्यांनी फाडलेल्या ४५ जणांना प्रतिपिंडांचे रक्तद्रव्य आणि नव्या लशीचे अवघे सहा डोस देण्यात आले. त्यातला एकही दगावला नाही. १९७६ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि मेंढीच्या मेंदूच्या लशीचे शास्त्रीय समर्थन तिथेच संपले. ऐंशीच्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनेही जिथे शक्य असेल तिथे मेंदूच्या लशी बंद कराव्यात, या मताला दुजोरा दिला.

भारतात ती त्यानंतर वीस वर्षे चालू राहिली. कारण उघड आहे, किंमत. मेंढीच्या मेंदूची लस सरकारी संस्था स्वस्तात बनवत आणि दवाखान्यात ती फुकट मिळे. पेशी-संवर्धनाची लस औषधांच्या दुकानात मिळू लागली, देशातच तयारही होऊ लागली, पण तिचे पाच डोस मजुराच्या आवाक्याबाहेरचे होते. परिणामी एकाच शहरात, एकाच कुत्र्याने चावलेल्या दोन माणसांसाठी दोन वेगवेगळी शतके नांदत होती. ज्याच्या खिशात पैसे होते त्याला दंडात पाच इंजेक्शने. ज्याच्या नव्हते त्याला पोटात चौदा, आणि सोबत पाय लुळे पडण्याची टांगती तलवार. धोका ठाऊक नव्हता म्हणून हे घडले असे म्हणता येत नाही. रिव्हर्स यांच्या प्रयोगाला तेव्हा सत्तर वर्षे होत आली होती.

ही कोंडी फुटली ती काटकसरीच्या एका युक्तीने, आणि त्या युक्तीत थायलंडच्या डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. लस स्नायूत न देता त्वचेच्या थरात दिली, तर फार थोडी लागते, कारण त्वचेत संरक्षक पेशींची दाट वस्ती असते. भारताच्या औषध महानियंत्रकांनी फेब्रुवारी २००६ मध्ये या पद्धतीला परवानगी दिली. दोन्ही दंडांवर ०.१ मिलिलिटरचा एकेक फुगवटा, असे चार दिवस. एकूण ०.८ मिलिलिटर. जुन्या सत्तर मिलिलिटरांशेजारी हा आकडा ठेवून पाहावा.

याच मालिकेतील पुढची पायरी कसौलीपासून फार दूर नसलेल्या शिमल्यात पडली, हा योगायोग सुखद आहे. खोल जखमेच्या रुग्णाला लशीबरोबर तयार प्रतिपिंडांचे द्रव्यही द्यावे लागते. जखमेत मावेल तेवढे भरून उरलेले स्नायूत टोचायचे, अशी रीत होती. त्यात द्रव्य बरेच लागे, ते महाग होते आणि २०१४च्या सुमारास हिमाचलमध्ये त्याचा तुटवडा पडला. डॉ. ओमेश भारती यांनी प्रश्न असा मांडला की विषाणू जखमेत आहे, तर दूरच्या स्नायूत टोचलेल्या द्रव्याचा उपयोग काय? त्यांनी फक्त जखमेतच द्रव्य भरायला सुरुवात केली. एका रुग्णाला लागणाऱ्या द्रव्यात अनेकांचे भागू लागले आणि रुग्ण वाचत राहिले. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या शिफारशी याच दिशेने बदलल्या. २०१९ साली डॉ. भारती यांना पद्मश्री मिळाली.

इथवरचा सारा पराक्रम चावलेल्या माणसाभोवतीचा आहे. कुत्र्याचे काय?

ज्या इंग्रजांनी कसौलीला संस्था उभारली, त्यांनी स्वतःच्या देशात रेबीजचा प्रश्न लशीने सोडवलाच नव्हता. १८९७पासून कुत्र्यांना मुसक्या बांधण्याची सक्ती, भटक्या कुत्र्यांची धरपकड आणि बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांना अलग ठेवण्याचा नियम एवढ्यावर ब्रिटनने १९०२पर्यंत रोग हुसकावून लावला. हिंदुस्थानात तो मार्ग चालण्यासारखा नव्हता, कारण इथला कुत्रा एखाद्या घराचा नसून आळीचा असतो. त्याला मुसकी बांधणार कोण? उरले मारणे. त्याचा अनुभव मुंबईने १८३२ सालीच घेतला होता. कुत्र्यामागे बक्षीस मिळते म्हणून शिपाई घरांच्या दारातून कुत्री ओढून नेऊ लागले, तेव्हा श्वानाला पवित्र मानणारा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि मुंबई ठप्प झाली. पुढच्या दीडशे वर्षांत नगरपालिकांनी असंख्य कुत्री मारली. कुत्र्यांची संख्या घटली नाही आणि रोगही हटला नाही. एक कुत्रा मेला की त्याच्या जागेवर आणि उकिरड्यावर दुसरा येतो, आणि तो लस न टोचलेला असतो.

तिसरा मार्ग जपानने दाखवला होता. १९२१ साली उमेनो आणि दोई या संशोधकांनी फिनॉल वापरून मेंदूचीच लस बनवली, म्हणजे जातकुळी सेंपल यांच्या लशीचीच. फरक एवढाच की ती एकाच इंजेक्शनाची होती आणि कुत्र्यांसाठी होती. १९५०च्या कायद्याने जपानने कुत्र्यांची नोंदणी आणि दरवर्षीचे लसीकरण सक्तीचे केले. १९५७ नंतर त्या देशातून रेबीज नाहीसा झाला. जवळपास तीच विद्या दोन देशांकडे होती. एकाने ती कुत्र्याला टोचली, दुसऱ्याने माणसाला.

कुत्र्यांतला रेबीज थोपवणे गणिताच्या दृष्टीने अवघड नाही. गोवराचा एक रोगी डझनभर किंवा त्याहून अधिक जणांना रोग देऊ शकतो. पिसाळलेला एक कुत्रा सरासरी एकाहून थोड्या अधिक, पण दोनांहून कमी कुत्र्यांना संसर्ग देतो. म्हणजे साखळी मुळात कमकुवत आहे, थोड्या कड्या काढल्या तरी ती तुटते. अडचण ही की भटकी कुत्री अल्पायुषी असतात, दर वर्षी नवी पिल्ले येतात, आणि टोचलेल्यांचे प्रमाण आपोआप घसरत जाते. म्हणून दरवर्षी सत्तर टक्के कुत्र्यांना लस, असे लक्ष्य सांगितले जाते. त्या सत्तरांत बरीचशी गळती आधीच धरलेली आहे.

गोव्याने हे करून पाहिले. मिशन रेबीज ही संस्था, राज्य शासन आणि स्थानिक कार्यकर्ते यांनी मिळून गावोगाव जाळी घेऊन कुत्री पकडली, टोचली, रंगाची खूण केली आणि सोडली. कुठली गल्ली झाली, कुठली राहिली, याची नोंद मोबाइलवर. शाळांत मुलांना शिकवले गेले, संशयित कुत्र्याची खबर देण्यासाठी दूरध्वनी क्रमांक दिला गेला. २०२२ साली नेचर कम्युनिकेशन्समध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार कुत्र्यांतील रेबीजचे दरमहा आढळणारे रुग्ण ९२ टक्क्यांनी घटले होते आणि अभ्यासाच्या अखेरीस माणसांचे मृत्यू शून्यावर आले होते.

देशाचे चित्र अजून तसे नाही. २००३च्या पाहणीत रेबीजने वर्षाला सुमारे २०,००० मृत्यू होतात, असा अंदाज निघाला होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२२-२३ मध्ये १५ राज्यांत केलेल्या पाहणीचा निष्कर्ष २०२५च्या आरंभी लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात आला. त्यात हा अंदाज ५,७२६ आहे. दोन पाहण्यांच्या पद्धती वेगळ्या असल्या तरी घट खरी मानायला जागा आहे. मात्र वर्षाला जनावरांचे चावे ९१ लाख, आणि चारपैकी तीन कुत्र्यांचे. कुत्रा चावलेल्यांपैकी सुमारे पाचात एकाने लशीचा एकही डोस घेतलेला नव्हता.

२०३०पर्यंत कुत्र्यांपासून माणसांना होणारा रेबीज संपवण्याचा राष्ट्रीय आराखडा २०२१ साली जाहीर झाला. गोव्याला सिंधुदुर्ग आणि उत्तर कन्नड हे जिल्हे लागून आहेत, आणि कुत्र्यांना हद्द कळत नाही. म्हणून माणसांचे मृत्यू थांबल्यावरही गोव्यातील काम थांबलेले नाही. संशयित कुत्र्याची खबर आली की पथक जाते, आणि कुत्रा मेला की त्याच्या मेंदूचा बारीकसा नमुना एका चाचणीपट्टीवर टाकते. पट्टीवर दोन रेघा उमटल्या, तर त्या गावाच्या आसपासच्या सर्व कुत्र्यांना पुन्हा लस टोचायची.